दंडाची पावती

सुरगाणा म्हटलं की आमच्याकडच्या, म्हणजे निफाड-दिंडोरीच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे सापुताऱ्याला जाताना वणीच्या पुढे लागणारा हतगडचा घाट, आणि दुसरी म्हणजे द्राक्षबागेवर येणारे मजूर. ऑक्टोबरची छाटणी जवळ आली की 'सुरगाण्याची टोळी ठरली का?' हा प्रश्न घरोघरी सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बागेच्या कडेलाच झोपडी पडते, छाटणी, डिपिंग, थिनिंग होतं आणि उचल फिटली की टोळी परत जाते. आमच्या काकांपासून मामांपर्यंत (वाचताय ना सगळे?) प्रत्येकाची बाग याच हातांवर उभी आहे. आणि बागेत चहा पिताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिकडे पाऊस एवढा, जमीन एवढी, मग ही माणसं इकडे मजुरीला का येतात? मुळात कष्टच नकोत."

कष्ट नकोत म्हणून कोणी घरदार सोडून दुसऱ्याच्या बागेत दिवसभर हात वर करून उभं राहत नाही, एवढं तर उघड आहे. पण प्रश्नाचा पहिला भाग खराच आहे. पाऊस आहे, जमीन आहे, कसणारी माणसं आहेत. मग अडलं कुठे? मला जे उत्तर सापडलं ते थोडं लांबचं आहे, आणि ते कागदाशी संबंधित आहे.

सुरगाणा हे १९४८ पर्यंत एक छोटं संस्थान होतं. क्षेत्रफळ साधारण ३६० चौरस मैल, गादीवर देशमुख, आणि वर देखरेखीला इंग्रजांचा नाशिकचा कलेक्टर. पलीकडे डांग, खाली पेठ. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. (कोकणा म्हणजे कोकणातले नव्हेत बरं का, ही इथली आदिवासी जमात आहे.) पीक नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी. डोंगरउतारावरचा एक तुकडा दोन-चार वर्षं कसायचा, मग तो पडीक ठेवून दुसरा धरायचा. रोपांसाठी फांद्या-पाला जाळून राब भाजायचा. अशा शेतीवर सारा बसवायचा कसा? या पेठ-डांगाच्या पट्ट्यात तो औतावर बसवत. तुमच्याकडे औतं किती, त्यावर तुमचा सारा. जमीन कुठली आणि किती, हे कोणी विचारायचं नाही आणि लिहायचंही नाही.

आता याच काळात खाली आमच्याकडे काय चाललं होतं ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोदाकाठच्या सपाट तालुक्यांत इंग्रजांची मोजणी झाली. साखळ्या टाकून शेतं मोजली, हद्दीचे दगड बसवले, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे खातेदाराचं नाव लिहिलं. त्याचा फार आनंद झाला असेल असं नाही. सारा जबर होता, आणि त्याच नावाच्या जोरावर सावकारांनी जमिनी गिळल्या. पण गहाण टाकायला का होईना, नाव होतं. आमच्या घरात आज जो गट नंबर आहे तो त्याच मोजणीचा वारस आहे. डोंगरातल्या माणसाचं औत मोजलं गेलं, शेत मोजलं गेलंच नाही.

मग जंगलाचे कायदे आले. १८७८ चा वन कायदा, पुढे १९२७ चा. 'राखीव' जंगल म्हणजे सरकारचं जंगल. पडीक ठेवलेलं शेत वरून पाहणाऱ्याला रान दिसतं, आणि राब भाजणं म्हणजे जंगलाची नासाडी वाटते. ठाणे-कुलाब्याकडे या राबावरून इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. महात्मा फुल्यांनीही १८८३ च्या 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये जंगल खात्याला झोडपलं आहे. तेव्हा ही तक्रार काही आजची नाही.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं. इथली जंगलं पुढे वनखात्याच्या ताब्यात आली. कायदा मात्र १९२७ चाच राहिला. आणि पिढ्यान् पिढ्या नागली पेरणारा माणूस कागदावर 'अतिक्रमणदार' झाला. एका शब्दाने काय होतं बघा. अतिक्रमणदाराला पीककर्ज नाही, विहिरीचं अनुदान नाही, नुकसानभरपाई नाही. बांध घालायचा, झाड लावायचं, तर उद्या उठवतील ही भीती. जमिनीत पैसा आणि घाम घालण्यात अर्थच उरत नाही, मग पावसाळ्याचं एक पीक काढायचं आणि उचल घेऊन बागेवर जायचं. गरिबी अशी तयार होते. तिला आळस लागत नाही.

या साऱ्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे दंडाची पावती. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क, तोही नवरा-बायको दोघांच्या नावाने. जमिनीवर पिढ्यान् पिढ्या 'ऐतिहासिक अन्याय' झाला, हे कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलेलं आहे. पण हक्क मागायचा तर पुरावा हवा. आणि ज्याचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही त्याच्याकडे पुरावा कसला? तर वनखात्याने कधीकाळी केलेल्या गुन्ह्याच्या नोंदी आणि दंडाच्या पावत्या! ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं तोच मुलाचा सगळ्यात भक्कम कागद ठरला. ज्याने कोंबडी किंवा पायलीभर भात देऊन प्रकरण जागच्या जागी मिटवलं, त्याला पावती कोण देणार? गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब, घातलेले बांध, जुनं घर हेही पुरावे कायद्याने चालतात. पण कचेरीत कागदापुढे म्हाताऱ्याचा शब्द किती टिकतो हे आपल्याला ठाऊक आहेच.

म्हणून मार्च २०१८ मध्ये ही माणसं चालत निघाली. किसान सभेच्या झेंड्याखाली ६ तारखेला नाशिकहून निघून १२ ला मुंबईत आझाद मैदानावर पोचली. चाळणाऱ्यांत सुरगाण्याचे लोक फार मोठ्या संख्येने होते. तेव्हाचे आमदार जिवा पांडू गावित हेही याच भागातले. दहावीची परीक्षा चालू आहे, मुलांना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले हे तुम्ही वाचलं असेलच. सोललेल्या पायांचे फोटोही पाहिले असतील. मागणी मात्र फार थोड्यांनी नीट वाचली. नवी जमीन कोणी मागत नव्हतं. कसतोय ती नावावर करा, आणि कसतोय तेवढी करा, एवढंच. कारण अनेकांचे दावे फेटाळले गेले होते आणि अनेकांना प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला होता. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढू असं लेखी दिलं.

पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ ला, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाकडून आला आणि २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस डोंगरात कसे गेले असतील, याची कल्पना सातबारा असलेल्या माणसाला करता येणं अवघड आहे. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, या वेळी दिंडोरीहून, आणि वाशिंदला थांबला. मागण्यांत वनजमीन होतीच. मधे २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना नाही म्हणून 'आम्हाला गुजरातमध्ये घाला' अशी मागणी केली. तेव्हा सगळ्यांना एकदम महाराष्ट्राची अस्मिता आठवली होती. असो.

वनपट्टा मिळाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. तो विकता येत नाही, हे एका अर्थी चांगलंच, नाहीतर सापुताऱ्याच्या रस्त्याला आतापर्यंत रिसॉर्टच रिसॉर्ट झाले असते. पण सातबाऱ्यावर नाव 'इतर हक्कात' लागणं आणि 'कब्जेदार' म्हणून लागणं यात फार फरक आहे, आणि भांडण आता त्या रकान्याचं आहे. आपल्या घरात वाटण्यांच्या वेळी एकेका गुंठ्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झाले आहेत, त्यामुळे रकान्याची किंमत मी नातेवाइकांना सांगायला नको.

तेव्हा यंदा छाटणीला टोळी आली की चहा घेताना एवढंच विचारून बघा, दादा, तुमचं नाव कुठल्या रकान्यात आहे? आणि उत्तर ऐकायला जरा वेळ काढून बसा.