माणसाची मुदत, कागदाची मुदत

मुदतीचा कायदा हा रुक्ष विषय. वकील मंडळीसुद्धा तो हौसेनं वाचत असतील असं वाटत नाही. पण त्यातलं एक कलम वाचलं आणि कायदा लिहिणाऱ्यांबद्दल मला चक्क आपुलकी वाटली.

ठरलेल्या मुदतीत दावा लावला नाही तर तो बुडाला, हा मूळ नियम. मात्र 1859 च्या कायद्यापासूनच त्याला अपवाद आहे : वयानं अज्ञान असलेला आणि वेड लागलेला माणूस. यांच्यासाठी कायदा थांबतो. (त्या जुन्या यादीत इंग्रजी कायदा लागू असलेल्या विवाहित स्त्रियाही होत्या! असो.) आज चालू असलेल्या 1963 च्या कायद्यात हेच कलम 6 आहे. माणूस भानावर आला की मग त्याची मुदत मोजायला लागायची. कलम 8 म्हणतं, ही सवलत बरं झाल्यापासून 3 वर्षांपलीकडे ताणता येणार नाही. आणि कलम 9 जरा कठोर आहे : मुदत एकदा सुरू झाली आणि नंतर वेड लागलं, तर ती थांबत नाही.

हे सगळं मी उकरून काढलं ते सेमाडोहच्या एका घरासाठी. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून धारणीकडे निघालं की सिपना नदीच्या काठी हे गाव लागतं. लोक तिथे वाघ बघायला जातात. आमची त्या घराशी जुनी ओळख. घरातला मधला भाऊ 2013 साली शहरातल्या एका खासगी दवाखान्यात तीन महिने भरती होता. पुढची सात-आठ वर्षं कशी गेली ते लिहीत नाही. भूमकाही झाला, गोळ्याही झाल्या. शेवटी नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या औषधांनी तो सावरला. आता शेती बघतो, हिशोब चोख ठेवतो.

सावरल्यावर तो पहिल्या दवाखान्यात गेला, आपले कागद मागायला. उत्तर मिळालं, इतकं जुनं आम्ही ठेवत नाही.

"भांडाचं नव्हतं काका," तो मला म्हणाला. "त्याईनं मायाबद्दल काय लिवलं व्हतं, येवढंच पाह्याचं व्हतं मले."

आता गंमत पहा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आजही लागू आहेत (2023 चे नवे आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले). ते सांगतात की भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवा, आणि मागितल्यास 72 तासांत द्या. सुरू झाल्यापासून, बरं! म्हणजे त्याचे कागद 2016 पर्यंत. तेव्हा त्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ग्राहक मंचाकडे जायची मुदत 2 वर्षं. 1993 च्या दुरुस्तीनं ती आली आणि 2019 च्या नव्या कायद्यातही तशीच राहिली. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्यासाठी कलम 6 आहेच. थोडक्यात, कायदा माणसासाठी थांबतो पण कागदाला थांबवत नाही. तक्रारीचा हक्क शाबूत आणि पुरावा रद्दीत!

पण 'काय लिहिलं होतं' यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्यासाठी 1893 मध्ये जायला हवं. गांजाबंदी करावी का हे ठरवायला सरकारनं तेव्हा भांग-गांजा आयोग नेमला. गांजानं वेड लागतं याचा मोठा आधार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं. आयोगानं 1892 सालच्या 1344 भरत्यांमधल्या अशा नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. दप्तरात 222 जणांच्या वेडाचं कारण गांजा-भांग लिहिलेलं होतं. चौकशीअंती त्यातले 98 टिकले, आणि निव्वळ गांजा-भांगेमुळे म्हणावेत असे फक्त 61. बाकीचं कुठून आलं? माणसाबरोबर पोलीस-मॅजिस्ट्रेटकडून वर्णनाचा कागद यायचा, त्यात कारणाचा रकाना असायचा, आणि तो रिकामा ठेवणं कोणाला आवडत नसे. चिलीम ओढताना दिसला होता? लिहा गांजा. तेच पुढे इस्पितळाच्या वहीत उतरायचं, तिथून वार्षिक अहवालात.

माझ्या मते मनोरुग्णांच्या दप्तराविरुद्धची आपल्याकडची ही पहिली मोठी तक्रार, आणि ती खुद्द सरकारनंच केली. ती जमली, कारण वर्षभरातच चौकशी सुरू झाली. कागद होते, गावचे लोक जिवंत होते, आठवणी ताज्या होत्या. दहा वर्षांनी ते 222 च राहिले असते.

2018 पासून अमलात आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला स्वतःचे मूलभूत वैद्यकीय कागद बघायचा हक्क दिलाय, कलम 25. एखादी गोष्ट दाखवल्यानं रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वाटलं तरच ती रोखता येते, आणि मग रुग्णाला मंडळाकडे दाद मागता येते. कलम 28 मध्ये सेवेतल्या उणिवांबद्दल तक्रारीची सोय आहे. नसलेला कागद मात्र कुठलंच कलम आणून देत नाही.

तरी आम्ही अर्ज लिहिला. कागद नसतील तर ते केव्हा आणि कोणाच्या हुकमानं नष्ट केले एवढं लेखी द्या, असा. मसुदा मी केला, पण त्यानं तो पुन्हा स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला, परतवाड्याला जाऊन दोन झेरॉक्स काढल्या आणि पोच देणारं रजिस्टर पोस्ट केलं. पोचपावती आलीय. उत्तराची वाट बघतोय.