कोसळलेल्या इमारती, अधिकृत अहवाल आणि संशय : रोनन पॉइंट (१९६८) व वर्ल्ड ट्रेड सेंटर क्र. ७ (२००१)

उंच इमारत कोसळली की शासन चौकशी नेमते, चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि कालांतराने तोच अहवाल इतिहासाचे प्रमुख साधन बनतो. त्यावर संशय घेणारे पुढे एक तर द्रष्टे ठरतात किंवा माथेफिरू. प्रस्तुत लेखात लंडन व न्यूयॉर्क येथील दोन घटनांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, अशा संशयाचा निकाल मुख्यतः पडझडीतील भौतिक पुरावा शिल्लक राहिला की नाही, यावर लागतो.

पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे फलक एकावर एक रचून उभारली होती. तिला स्वतंत्र सांगाडा नव्हता. भिंतीच भार वाहत होत्या. १६ मे १९६८ रोजी पहाटे १८व्या मजल्यावरील एका महिलेने चहासाठी गॅसची शेगडी पेटविली आणि गळालेल्या गॅसचा स्फोट झाला. भिंतीचे फलक बाहेर फेकले गेले, वरचे मजले निराधार होऊन खाली आले आणि इमारतीचा आग्नेय कोपरा तळापर्यंत ढासळला. चार जण मृत्युमुखी पडले. स्फोट मात्र मोठा नव्हता. शेगडी पेटविणारी महिला वाचली, तिच्या श्रवणशक्तीलाही इजा झाली नाही. स्फोटाचा दाब किती कमी होता, याचा हा एक पुरावाच मानला गेला.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने त्याच वर्षी अहवाल दिला. एक भाग निखळताच त्याला जोडलेले भाग एकामागोमाग कोसळावेत, हा रचनेतील मूलभूत दोष त्याने स्पष्टपणे मांडला. त्यानंतर ब्रिटनच्या इमारत नियमांत बदल झाले. हे श्रेय त्या अहवालास दिलेच पाहिजे. परंतु बांधकामाच्या दर्जास त्याने दोष दिला नाही. कोपरा पुन्हा बांधण्यात आला आणि रहिवासी परतले. वास्तुरचनाकार सॅम वेब यांना हे स्पष्टीकरण पटले नव्हते. फलकांचे सांधेच नीट भरलेले नाहीत, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. अखेर १९८४ मध्ये इमारत रिकामी करण्याचे ठरले आणि १९८६ मध्ये ती सुरुंग न लावता मजल्यामागून मजला उतरविण्यात आली. जेथे घट्ट गारा हवा होता, तेथे पोकळ्या, कचरा आणि वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. अहवालाची उणीव भिंतीतच १८ वर्षे जपून राहिली होती.

न्यूयॉर्कमध्ये नेमके याच्या उलट घडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी दोन मनोऱ्यांवर विमाने आदळली. ४७ मजली सातव्या इमारतीवर विमान आदळले नव्हते; उत्तर मनोऱ्याच्या ढिगाऱ्यामुळे तिला आग लागली, पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या होत्या, आणि सायंकाळी ५.२० वाजता ती कोसळली. ढिगारा हलविण्याची निकड समजण्यासारखी होती. परंतु त्यातील बहुतांश पोलाद भंगार म्हणून वितळविले गेले, काही तर भारतासारख्या दूरच्या देशांत रवाना झाले. जानेवारी २००२ मध्ये ‘फायर इंजिनिअरिंग’ या अग्निशमन व्यवसायाच्या नियतकालिकाने यावर कठोर टीका केली आणि मार्चमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीपुढे हाच विषय आला. पुढे एनआयएसटी या शासकीय मानक संस्थेकडे पोलादाचे जेमतेम २३६ तुकडे जमा झाले, आणि त्यांत सातव्या इमारतीचा म्हणून ओळखता येईल असा एकही नव्हता.

मे २००२ च्या पहिल्या शासकीय अहवालाने सातव्या इमारतीबाबत आपलेच सर्वोत्तम अनुमान फारसे संभवनीय नसल्याची कबुली दिली. दुसरे स्पष्टीकरण येण्यास २००८ उजाडले. उष्णतेने प्रसरण पावलेल्या तुळयांनी १३व्या मजल्यावरील एक मुख्य तुळई आधारावरून ढकलली, आधार गमावलेला ७९ क्रमांकाचा स्तंभ वाकला आणि आतील भाग आधी कोसळला, असे एनआयएसटीने संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने मांडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील मसुद्यात मात्र इमारत मुक्त पतनापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक वेळ घेऊन खाली आल्याचे म्हटले होते. माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने चित्रफितीची मोजणी करून यास आक्षेप घेतला. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात सुमारे २.२५ सेकंद, म्हणजे साधारण आठ मजल्यांच्या उंचीइतके, मुक्त पतन झाल्याचे मान्य करावे लागले. बाहेरील स्तंभ वाकल्यानंतर त्यांचा प्रतिकार नगण्य उरला, असा त्याचा खुलासा देण्यात आला.

येथे दोन प्रकारचे संशय वेगळे केले पाहिजेत. पतनाचा वेग मोजणारा संशय तपासता येत होता, म्हणून तो अहवाल बदलू शकला. ‘इमारत स्फोटकांनी पाडली’ हा दावा त्याच आकड्यावर उभा राहिला. परंतु मुक्त पतन म्हणजे स्फोटक, हे अनुमान त्या आकड्यातून निघत नाही. स्तंभ तोडणारा लहानात लहान स्फोटही अर्ध्या मैलावर १३० ते १४० डेसिबल आवाज करील, असे गणित एनआयएसटीने मांडले. तसा आवाज कोणत्याही ध्वनिमुद्रणात नाही. प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. आगीने पोलादी सांगाड्याची इमारत कोसळूच शकत नाही, हे विधानही २०१७ मध्ये तेहरानमधील प्लास्को इमारत आगीत पडल्यानंतर टिकणारे नाही. असे असले तरी, २००९ मध्ये एनआयएसटीने सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रतिरूपाची काही मूळ माहिती देण्यास नकार दिला. पोलाद वितळले होते आणि आता गणितही बंद दाराआड गेले. स्फोटकांची कथा खोटी असली, तरी ती टिकून राहण्यास लागणारी मोकळी जागा शासनानेच निर्माण केली, असे म्हणणे भाग आहे.

सातव्या इमारतीच्या जागी ५२ मजल्यांची नवी इमारत मे २००६ मध्ये खुली झाली. जुनी इमारत का पडली, याचा अंतिम अहवाल त्यानंतर अडीच वर्षांनी आला.