उसनें आणि चोरलेलें

दुसऱ्याच्या कथेवर आपली कथा रचणें आणि दुसऱ्याची कथा आपली म्हणून खपविणें ह्या दोन गोष्टी अलीकडे एकाच तराजूंत घातल्या जातात. एखाद्या तरुण लेखकानें आवडत्या कादंबरींतील पात्रें घेऊन त्यांची पुढील हकीकत लिहिली, कीं कोणी त्यास कौतुकानें भक्त म्हणतो, कोणी रागानें चोर म्हणतो. आणि खरा चोर मात्र 'प्रभाव पडला असेल' एवढ्या सबबीवर सुटून जातो. ह्या दोहोंतील भेद मराठी वाङ्मयानें फार पूर्वींच ओळखिला होता, असें आमचें मत आहे. तो भेद पाहण्यास कोल्हापूर प्रांत, आणि त्यांतहि कागल हें गांव, फार सोयीचें आहे.

प्रथम उसनवारीचा विचार करूं. आपल्या कवितेचा फार मोठा भाग उघड उघड उसना आहे. १७२९ सालीं पन्हाळगडावर जन्मलेल्या मोरोपंतांनीं रामाची एकच कथा घेऊन एकशें आठ रामायणें रचिलीं, असें परंपरा सांगते. त्यांस कोणीं वाल्मीकीचा चोर म्हटलें नाहीं. श्रोत्यांस मूळ कथा तोंडपाठ होती. पंतांनीं तींत नवें काय केलें हें पाहण्यासाठींच ते पंतांकडे येत.

विसाव्या शतकांत हीच चाल गद्यांत उतरली, आणि ती ह्या प्रांतांत विशेष फळास आली. कोल्हापुरीं राहणाऱ्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ सालीं. कोवाडच्या रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ सालीं. तिन्ही कादंबऱ्यांचें भांडवल व्यासांचें. महाभारतांतला कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकीं जातो आणि ययातीच्या कथेंतून बाहेर पडतो. खांडेकरांनीं त्यास परत आणून भोगासमोर संयमाचें प्रतीक म्हणून उभें केलें. सावंतांनीं कर्णाच्या पत्नीस आणि भावास स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडानें मांडूं दिली. ही मूळ ग्रंथावर केलेली भर आहे. परंतु ती व्यासांच्या पोथींत घुसडलेली नाहीं. ती निराळ्या पुस्तकांत, निराळ्या नांवाखालीं उभी आहे. आणि ज्यास ताडून पाहावयाचें असेल त्यास महाभारत उपलब्ध आहे.

नाटककारांनींहि हाच सरळपणा पाळिल्याचीं उदाहरणें आहेत. आगरकरांचें 'विकारविलसित' (१८८३) हें 'हॅम्लेट'चें मराठी रूप होय, आणि देवलांचा 'झुंजारराव' हा ऑथेल्लो होय, हें जाणत्या वाचकांपासून लपून राहिलें नाहीं. भाषांतर, रूपांतर, आधार, छाया असे शब्द मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर रूढ झाले ते ऋणाची कबुली म्हणूनच. उसनें घेणारा शेजारी दार वाजवून मागतो. चोर दार वाजवीत नाहीं.

आतां चोरीचें उदाहरण घेऊं. तें आपल्या वाङ्मयांतील सर्वांत थोर कवीच्या बाबतींत घडलें. तुकारामबुवांच्या गाथेंत सालोमालो नांवाच्या एका समकालीन हरिदासावर अभंग आहेत. हा गृहस्थ दुसऱ्यांचीं वचनें उचली आणि शेवटीं आपल्या नांवाची मुद्रा घाली. अभंगाच्या रचनेंत कवीचें नांव शेवटल्या चरणांत गुंफिलेलें असतें. तेवढे दोन शब्द बदलले कीं सारी मालमत्ता दुसऱ्याच्या नांवावर चढते. ज्या काळीं छापखाना नव्हता, त्या काळीं ती मुद्रा हाच कवीचा एकमेव दस्तऐवज होता. म्हणून तुकोबांस आलेला संताप हा कीर्तीच्या लोभाचा नव्हे. ज्या बोलामागें अनुभव आहे तो बोल अनुभवावांचून मिरविला जावा, ह्याची ती चीड आहे. पुढें १८६९ आणि १८७३ सालीं इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथेचे दोन भाग निघाले, आणि सुमारें साडेचार हजार अभंग तुकोबांच्या नांवावर छापून कायम झाले. सालोमालोचें नांव आज उरलें आहे तें तुकोबांनीं त्याची चोरी नोंदवून ठेविली म्हणूनच.

चोरीचा एक उलटा प्रकारहि आहे. त्यांत लेखक दुसऱ्याचें काव्य आपल्या नांवावर घेत नाहीं, तर आपलें काव्य दुसऱ्याच्या नांवावर चढवितो. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नामा ह्या निराळ्या कवीची कविता मिसळली गेली. दोघांचें नांव एक असल्यामुळें ती निवडतां निवडतां संशोधकांच्या नाकीं नऊ आले. ज्ञानेश्वरीची स्थिति याहून बिकट झाली होती. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेला हा ग्रंथ नकलाकारांच्या हातांतून जातां जातां अपपाठांनीं भरला. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तो शुद्ध केला, आणि शेवटीं असा इशारा देऊन ठेविला कीं, ह्या ग्रंथांत जो आपली ओवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेविली असें समजावें.

हा इशारा देणारे एकनाथ स्वतः केवढे ऋणको होते, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. १५७३ सालीं काशींत पूर्ण झालेलें त्यांचें भागवत हें मूळ भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका होय. 'भावार्थ रामायण' वाल्मीकीच्या पायावर उभें आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कथेवर आपला ग्रंथ रचण्यास त्यांचा मुळींच विरोध नव्हता. आपल्या ग्रंथांत आपल्या नांवानें वाटेल तेवढा विस्तार करावा. दुसऱ्याच्या ग्रंथांत एक अक्षरहि घालूं नये, असा हा नियम आहे. आमच्या मतें ह्याहून स्पष्ट नियम आजवर कोणीं सांगितलेला नाहीं.

'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशीं अपुरें राहिलें आणि पुढील भाग गावबा ह्या शिष्यानें पुरा केला. ही गोष्ट परंपरेनें लपविली नाहीं. गुरूचें कोठें संपतें आणि शिष्याचें कोठें सुरू होतें, तो सांधा तिनें जपून ठेविला आहे. ह्याच्या उलट प्रकार स्पेन देशांत घडला. सर्वांतीसच्या 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ सालीं निघाल्यावर, १६१४ सालीं कोणा आव्हेयानेदा ह्या टोपणनांवाच्या लेखकानें दुसरा भाग परभारें छापला आणि प्रस्तावनेंत मूळ लेखकाचाच उपहास केला. सर्वांतीसनें १६१५ सालीं आपला दुसरा भाग काढून त्यांतच त्या तोतयाची फजिती केली. दोघांनींहि दुसऱ्याची कथा पुढें नेली. परंतु गावबानें ती सेवा म्हणून केली, आणि आव्हेयानेदानें मूळ लेखक जिवंत असतांना त्यास डावलून.

आतां कागलकडे वळूं. ह्या गांवास दत्तकाचा अर्थ निराळा सांगावयास नको. कागलकर घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपति झाले. नांव बदललें, घर बदललें. परंतु सर्व कांहीं चारचौघांसमक्ष झालें, आणि जन्मघराचें नांव कोणीं पुसलें नाहीं. साहित्यांत दुसऱ्याचें पात्र घेणें हेंहि दत्तकच होय. तें उघड असावें, एवढीच अट.

ह्याच कागलांत १९३५ सालीं आनंद यादव जन्मले. स्वतःच्या कष्टमय बाळपणावर त्यांनीं लिहिलेल्या 'झोंबी'स १९९० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढें 'संतसूर्य तुकाराम' ह्या कादंबरींत त्यांनीं तुकोबांस पात्र केलें. तेव्हां तुकोबांच्या पूर्वायुष्याच्या चित्रणावर वारकऱ्यांनीं तीव्र आक्षेप घेतला. २००९ सालच्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून यादव निवडून आले होते. परंतु त्यांनीं क्षमा मागितली, पुस्तक मागें घेतलें, आणि अध्यक्षपदहि सोडलें.

ही चोरी नव्हती. सालोमालोनें तुकोबांचे शब्द ठेवून नांव काढिलें. यादवांनीं तुकोबांचें नांव ठेवून कल्पना आपली घातली, आणि ती आपल्या नांवाच्या पुस्तकांत घातली. एकनाथांच्या नियमानें पाहतां ते निर्दोष ठरतात. तरी वारकऱ्यांची वेदना खोटी म्हणतां येत नाहीं. कर्णाचे आप्त आज कोणी नाहींत. तुकोबांचे आप्त दर आषाढीस पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. शिवाय कर्णकथेंत मूळ कोणतें आणि भर कोणती हें वाचक जाणतो. संतचरित्रांत गाथेचा आधार कोठें संपतो आणि कल्पना कोठें लागते, हें कादंबरीचें पान सांगत नाहीं. तो सांधा दाखविणें हें लेखकाचें काम होय, आणि तो मागणें हा वाचकाचा हक्क होय. परंतु ग्रंथच नाहींसा करण्यानें सांधा दिसत नाहीं. दिसूं शकणारी वस्तूच जाते. आक्षेपाचें उत्तर लेखांत आणि प्रस्तावनेंत व्हावयास हवें होतें, आणि तें न झाल्यानें दोन्ही पक्षांचें नुकसान झालें, असें आम्हांस वाटतें.

कायदाहि ह्याच वाटेनें चालतो. १९५७ च्या कायद्यानें लेखकाचा हक्क आतां मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. १९७६ सालीं वारलेल्या खांडेकरांचें लेखन २०३६ अखेर संरक्षित आहे. त्याच कायद्याचें ५७ वें कलम कृति आपली आहे हें सांगण्याचा, आणि आपल्या कीर्तीस बाध आणणाऱ्या मोडतोडीस हरकत घेण्याचा, हक्क लेखकास देतें. आणि स्वामित्व विकलें तरी तो हक्क जात नाहीं. तुकोबांनीं सालोमालोवर आणि एकनाथांनीं नकलाकारांवर केलेल्या दोन फिर्यादी येथें एका कलमांत आल्या आहेत.

तेव्हां दुसऱ्याच्या पात्रांवर लिहूं इच्छिणाऱ्या तरुणास आमचें सांगणें इतकेंच: निःशंक लिहा, धनको हयात असेल किंवा त्याचा हक्क शिल्लक असेल तर विचारा, त्याचें नांव पहिल्या पानावर घाला, आणि त्याचीं वाक्यें आपल्या वाक्यांत मिसळूं देऊं नका. संपादकांनींहि संशय येतांच आरडाओरड न करितां दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून वाचावे, लेखकास विचारावें, आणि चोरी ठरली तर जेथें ती छापली तेथेंच मूळ धन्याचें नांव छापावें. चोरास शिक्षा काय द्यावी हा दुय्यम प्रश्न आहे. ज्याचा अभंग त्याची मुद्रा त्यास परत मिळणें हें पहिलें.