थाई लोकांचें मोहिनी-मेण

परक्याच्या मनांत आपल्याविषयीं ओढ उत्पन्न व्हावी, आपला शब्द सहसा कोणीं मोडूं नये, ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. ती पुरी करण्याचे जे उपाय निरनिराळ्या देशांत निघाले, त्यांपैकीं थायलंडांतील ‘सी-फुंग’ हा एक होय. ‘फुंग’ म्हणजे मधमाशी. मधमाश्यांचें मेण तेलांत वितळवून व सुगंधि द्रव्यें घालून केलेला हा ओठांस लावण्याचा लेप. त्यांत औषधी कंद किंवा फुलांचे पराग मिसळून एखाद्या भिक्षूकडून वा मांत्रिकाकडून तो अभिमंत्रित करविला, म्हणजे त्याचें मोहिनी-मेण बनतें. कोणी महत्त्वाची बोलणी करावयास जातांना, कोणी दुकान उघडतांना, तर कोणी प्रियजनाच्या भेटीस निघतांना तें ओठांस लावतो.

मंत्राचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर ह्या लेपाचें काम अगदीं साधें होतें. जुने थाई लोक विडा खात, आणि चुन्यासुपारीनें ओठ कोरडे पडून फुटत. म्हणून पानाच्या तबकांत चुन्याच्या डबीशेजारीं मेणाचीहि एक डबी असे. कुंकू टिकावें म्हणून आमच्या आज्या कपाळास आधीं मेण लावीत, त्या डबीची वाचकांस येथें सहज आठवण होईल. पाहुण्यापुढें तबक ठेवणें हा तेथेंहि सत्काराचा विधि होता. विडा, ओठ आणि बोलणें ह्यांचें असें नित्याचें साहचर्य असतां वाणीला गोडी आणण्याची कामगिरीहि ह्याच लेपावर सोंपविली जावी, ह्यांत नवल नाहीं. अशा कित्येक लेपांस ‘सालिका’ हें नांव असतें; ती म्हणजे संस्कृतांतील सारिका, आपली बोलकी साळुंकी.

ह्या विद्येचे पारिभाषिक शब्द पाहिले, म्हणजे तर आपण ओळखीच्या मंडळींतच आल्यासारखें वाटतें. थाई भाषेंत मंत्राचा ‘मोन’, यंत्राचा ‘यन’, गाथेचा ‘खाथा’ आणि विद्येचा ‘विचा’ झाला आहे. मोहिनीला तेथें ‘सने’ म्हणतात. हा शब्द लिहितांना त्याच्या शेवटीं ‘ह’ लिहितात, पण त्याचा उच्चार करीत नाहींत. कारण तो मूळचा आपला ‘स्नेह’. संस्कृतांत स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे प्रेमहि. मेणतेलाच्या लेपानें प्रेम जोडावें ही कल्पना त्या एका शब्दांतच जणूं सांठविलेली आहे.

केवळ शब्दच नव्हे, तर कल्पनाहि जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या सातव्या अधिकरणांत ‘सुभगंकरण’ म्हणून एक प्रकरण असून त्याच्या आरंभींच अंगास लावावयाचा एक लेप सांगितला आहे. तगर, कोष्ठ आणि तालीसपत्र हीं त्या लेपाचीं द्रव्यें. वशीकरणाचे प्रयोग त्यानंतर येतात. उलट, दीघनिकायांतील ब्रह्मजाल सुत्तांत भिक्षूंनीं टाळावयाच्या हीन विद्यांची जी लांब यादी दिली आहे, तींत ‘सुभगकरण’ हें नांव स्पष्ट आहे. म्हणजे जी विद्या धर्मग्रंथानें भिक्षूंस वर्ज्य ठरविली, तीच पुढें एका बौद्ध देशांत कित्येक भिक्षूंच्या हातून चालली. हें घडलें कसें?

ह्याचें उत्तर, माझ्या मतें, एका नांवांत आहे. अशा वस्तूंच्या गुणास थाई लोक ‘मेत्ता महानियोम’ म्हणतात. मेत्ता म्हणजे मैत्री, सर्व प्राणिमात्रांविषयीं निरपेक्ष सद्भाव. ‘नियोम’ हा आपला ‘नियम’, पण थाई भाषेंत त्यास आवडीचा व लोकप्रियतेचा अर्थ आला. अंगुत्तरनिकायांत मैत्रीभावनेचीं अकरा फळें सांगितलीं आहेत. अशा मनुष्यास सुखानें झोंप लागते, वाईट स्वप्नें पडत नाहींत, आणि तो माणसांस प्रिय होतो. ह्या शेवटच्या फळानें निषिद्ध विद्येस मागील दार उघडून दिलें. प्रिय होणें हें जर मैत्रीचें फळ, तर प्रिय करणाऱ्या लेपास मैत्रीचें नांव देण्यास अडचण ती कोणती?

श्रद्धाळूंची बाजूहि येथें सांगितली पाहिजे. स्टॅन्ली तंबय्या ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत थाई ताइतांचा विचार केला आहे. ध्यानानें सिद्ध झालेल्या भिक्षूचें सद्गुणबल वस्तूंत उतरतें, अशी लोकांची समजूत असल्याचें ते दाखवितात. ह्या दृष्टीनें डबींत असते ती भिक्षूची मैत्रीच.

परंतु वशीकरणाचे परिणाम थाई लोकांनींच आपल्या वाङ्मयांत निर्भीडपणें रंगविले आहेत. ‘खुन चांग खुन फेन’ हें त्यांचें सुप्रसिद्ध आख्यानकाव्य. राजपुत्र दामरोंग ह्यांनीं १९१७-१८ मध्यें त्याची प्रमाण आवृत्ति काढली. त्यांत चिआंगमाईची राजकन्या सोईफा सवतीवर मात करण्यासाठीं एका थेराकडून नवऱ्यावर वशीकरण करविते. नवरा वश होतो खरा. पण घर उद्ध्वस्त होतें, आणि अखेर अग्निदिव्यांत हरून तिलाच घालवून दिलें जातें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पिबूनसोंग्क्राम सरकारनें देश आधुनिक दिसावा म्हणून विडा खाण्यास बंदी केली. पुढें शहरांतून तबकें दिसेनाशीं झालीं, पण मोहिनी-मेण उरलें. उपयोग नाहींसा झाला आणि आशा टिकली. फुटलेल्या ओठांवर इतर इलाज पुष्कळ निघाले. आपण कोणासच नकोसे होऊं कीं काय, ह्या भीतीवर मात्र निघाला नाहीं. त्या भीतीला हंसणें सोपें आहे. तथापि मैत्री म्हणजे मूळांत द्यावयाची वस्तु, आणि डबी विकत घेणारा ती मिळावी म्हणून पैसे मोजतो. स्नेह शब्दाचे दोन्ही अर्थ खरे असले, तरी त्यांपैकीं बाजारांत मिळतो तो एकच.