हृत्स्नायूचा ‘ताण’ : एका शब्दाचे दोन अर्थ व एका नियमाच्या दोन बाजू

मराठीत ‘ताण’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींचा वाचक आहे. रबराची पट्टी ओढून लांब केली म्हणजे आपण तिला ताण दिला असे म्हणतो. आणि ती पट्टी ज्या बलाने बोटांना मागे खेचते त्या बलालाही ताणच म्हणतो. नित्य व्यवहारात या संदिग्धतेने काही अडत नाही. परंतु ‘ताण वाढला असता हृदय अधिक जोराने आकुंचन पावते’ असे वाक्य शास्त्रीय लेखनात आले की त्याचे दोन अर्थ संभवतात, आणि हृदयाच्या शरीरक्रियेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न नेमका या दोन अर्थांमधील निवडीचा होता. प्रस्तुत लेखक शरीरक्रियाशास्त्राचा अधिकारी नव्हे. परिभाषेचा माग काढता काढता तो या इतिहासापाशी येऊन पोहोचला. पुढील विवेचनात लांबीच्या वाढीस ‘लांबण’ व बलास ‘तणाव’ असे म्हटले आहे.

आरंभ लाइपझिग येथील कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेपासून करावा लागतो. तेथे १८६६ मध्ये सायन यांनी बेडकाचे हृदय शरीराबाहेर चालते ठेवण्याची रीत सिद्ध केली. १८७१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत बाउडिच यांना असे आढळले की, उद्दीपन पुरेसे असेल तर हृत्स्नायू त्या क्षणी शक्य तेवढ्या पूर्ण जोराने आकुंचन पावतो. उद्दीपन वाढविल्याने आकुंचन वाढत नाही. मग आकुंचनाचा जोर वाढतो तरी कशाने? याचे एक उत्तर ऑटो फ्रँक यांच्या १८९५ मधील निबंधात आहे. फ्रँक काही काळ लुडविग यांच्याकडे होते. हा निबंध म्यूनिक येथील वास्तव्यात प्रसिद्ध झाला. स्नायूंच्या अभ्यासासाठी फिक यांनी रूढ केलेल्या कल्पना त्यांनी बेडकाच्या हृदयास लावल्या. रक्त बाहेर जाण्याची वाट बंद ठेवून निलयात आरंभी अधिकाधिक द्रव भरला असता आकुंचनातील दाब वाढत जातो, व एका मर्यादेनंतर घटू लागतो, असे त्यांनी दाखविले. मात्र भरणा वाढला की प्रारंभीचा तणावही वाढतो. तेव्हा कारण यांपैकी कोणते, हा प्रश्न खुलाच राहिला.

तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हाती घेतला. कुत्र्याचे हृदय व फुप्फुसे एवढेच रक्ताभिसरण चालू ठेवून बाकीचे शरीर वगळण्याची युक्ती त्यांनी वापरली. शिरांकडून येणारे रक्त वाढविले तर हृदय फुगते व अधिक रक्त बाहेर टाकते. धमनीतील रोध वाढविला तरी ते आधी फुगते व मग रोधावर मात करते. पॅटरसन व पायपर यांच्यासह १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात निष्कर्ष आला तो असा की, निर्णायक गोष्ट विश्रांत तंतूंची लांबी होय, त्यांतील तणाव नव्हे. १९१५ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानात स्टार्लिंग यांनी यास ‘हृदयाचा नियम’ म्हटले. ते व्याख्यान १९१८ मध्ये छापले गेले. नामकरणाची शक्ती या गृहस्थांपाशी विलक्षण होती. ‘हॉर्मोन’ हा शब्दही त्यांनीच १९०५ मध्ये प्रचारात आणला.

नियमाला नाव मिळाले, आणि नावाबाहेरचे बरेच काही मागे पडले. फ्रँक यांचे नाव पुढे त्यास जोडण्यात आले, हे योग्यच झाले. परंतु आन्रेप यांनी १९१२ मध्येच नोंदविले होते की, रोध वाढविल्यावर फुगलेले हृदय काही मिनिटांत, रोध तसाच असता, पुन्हा आक्रसते. म्हणजे लांबणीस हृत्स्नायूचा प्रतिसाद एक नसून दोन आहेत, एक तात्काळ व एक सावकाश. आन्रेप यांनी याचे श्रेय अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावास दिले; पण १९७३ मध्ये पार्मली व चक यांना हाच सावकाश प्रतिसाद विलग केलेल्या स्नायूतही आढळला. १९८२ मध्ये अॅलन व कुरिहारा यांनी दोहोंतील भेद उकलला. तात्काळ वाढ पेशीतील कॅल्शियम न वाढताच होते, तंतूच त्याला अधिक संवेदनशील बनतात. सावकाश वाढीत मात्र दर ठोक्यास मुक्त होणारे कॅल्शियमच वाढते.

दुसरी उपेक्षा विद्युत्-बाजूची. स्टार्लिंग यांचे व्याख्यान झाले त्याच १९१५ साली बेनब्रिज यांनी दाखविले की कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडला असता हृदयाची गती वाढते. त्यांनी हे मज्जातंतूंचे प्रतिक्षिप्त कार्य मानले. पण १९५६ मध्ये ब्लिंक्स यांना सशाच्या विलग अलिंदातही, म्हणजे मेंदूशी संबंध तुटलेला असता, हाच परिणाम दिसला. येथे परिभाषेचा एक मौजेचा प्रसंग आहे. १९५२ मध्ये सँडो यांनी विद्युत्-उद्दीपनातून आकुंचन कसे घडते यासाठी ‘उद्दीपन-आकुंचन’ असा जोडशब्द रूढ केला होता. मॅक्स लॅब यांनी १९८२ मध्ये त्याचीच पदे उलटवून ‘आकुंचन-उद्दीपन’ असा समास योजला. यांत्रिक बदलही विद्युत्-क्रिया बदलतो, हा त्याचा आशय. काउफमान व थिओफिल यांनी १९६७ मध्ये व स्वतः लॅब यांनी १९६८ मध्ये तो पूर्वीच मांडला होता.

हे केवळ शब्दलाघव नव्हे. छातीवर बसलेल्या एका आघाताने, कोणतीही जखम न होता, तरुण खेळाडूचे हृदय बंद पडते. अशा आघातांचे प्रयोग इटलीत मेओला यांनी १८७९ मध्येच प्राण्यांवर केले होते. १९९८ मध्ये लिंक व सहकाऱ्यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखविले की, आघात टी-तरंगाच्या शिखरापूर्वी १५ ते ३० सहस्रांश सेकंदांच्या अवधीत झाला, तर निलय थरथरू लागते. तोच आघात अन्य क्षणी झाला तर बहुधा तसे होत नाही.

या विद्युत्-प्रतिसादाचे एक साधन १९८४ मध्ये हाती आले. गुहाराय व सॅक्स यांनी कोंबडीच्या भ्रूणातील कंकाल-स्नायूच्या पेशींवर सूक्ष्म नळीने चोषण करून, पेशीपटल ताणले असता उघडणारे आयनमार्ग शोधले; १९८८ मध्ये तसे मार्ग उंदराच्या हृत्पेशींतही आढळले. २०१० मध्ये पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने पिएझो प्रथिने उजेडात आणली. स्पर्शबोधाच्या या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्यूलियस यांच्यासह मिळाले.

मात्र हे आयनमार्ग पटलाच्या तणावाने उघडतात. आकुंचनाच्या प्रश्नात स्टार्लिंग यांनी तणाव बाजूस सारून लांबीला मान दिला. विद्युत्-प्रतिसादात तणावच कर्ता ठरतो. तेव्हा मराठीत लिहिताना ‘ताण’ या शब्दाऐवजी सरसकट ‘लांबण’ घालून भागणार नाही. आकुंचनाविषयीच्या वाक्यात ‘लांबण’ लिहावे व पटलाविषयीच्या वाक्यात ‘तणाव’. आणि जेथे संशोधकांसच निर्णय करता आलेला नाही, अशा ठिकाणी ‘ताण’ हा संदिग्ध शब्द तसाच ठेवण्यास प्रस्तुत लेखकाची हरकत नाही.