थंड, ढगाळ उन्हाळा: कोणत्या भागात कोणत्या पिकाला फटका

मे महिना हा आपल्याकडे रान तापण्याचा महिना. 2025 मध्ये रान तापलेच नाही. महिन्याच्या सुरुवातीपासून अवकाळीच्या सरी येत राहिल्या. पुढे अरबी समुद्रात कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी व दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. त्याच दिवशी मॉन्सून केरळात दाखल झाला आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे. त्या महिन्यात देशात सरासरी 126.7 मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यातील हा 1901 पासूनचा सर्वाधिक पाऊस ठरला.

अशा वर्षी उकाडा कमी झाला म्हणून बरे वाटते, पण पिकाचा हिशेब वेगळा असतो. थंड उन्हाळ्याचे नुकसान कसे होते, हे प्रदेशावर अवलंबून आहे. जपानच्या ईशान्य भागात उन्हाळ्यात समुद्रावरून ‘यामासे’ नावाचे थंड, दमट वारे येतात. 1993 मध्ये ते लांबले, भात पोटरीत असताना तापमान घसरले, परागकण वांझ राहिले आणि लोंब्या पोचट निघाल्या. देशाचे भात उत्पादन नेहमीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आले व तांदूळ बाहेरून आणावा लागला. आपल्याकडे मे कितीही थंड म्हटला तरी पिकाला थंडी बाधेल इतका पारा उतरत नाही. आपले नुकसान होते ते ऊन न मिळाल्याने, ओलाव्याने आणि पाऊस चुकीच्या वेळी आल्याने. त्यामुळे किती अंश तापमान आहे यापेक्षा तुमचे पीक कोणत्या अवस्थेत आहे ते आधी पाहा.

नाशिक, सांगली, सोलापूर: द्राक्ष

सर्वात मोठा आणि सर्वात उशिरा दिसणारा फटका इथे बसतो. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढे साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. हा काळ नेमका मे-जूनमध्ये येतो. डोळ्यावर थेट ऊन पडले आणि हवा उबदार असली तर डोळ्यात घड तयार होतो. आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले राहिले तर वेल शाकीय वाढ करत राहते आणि घडाच्या जागी नुसती बाळी तयार होते. बाग हिरवीगार दिसते, म्हणून मनात शंकाही येत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फुटी निघतात तेव्हा घड नसल्याचे कळते. तोवर वर्षाचा निम्मा खर्च झालेला असतो.

म्हणून ढगाळ मे मध्ये तीन कामांत हयगय नको. फुटींची विरळणी वेळेत करून कॅनोपी मोकळी ठेवा, काड्या तारेवर पसरून बांधा. नत्र आणि पाणी आवरा. पाऊस पडत असताना सवयीने ठिबक चालू ठेवणाऱ्या बागा कमी नाहीत. सबकेन वेळेवर करा. संजीवकांच्या फवारण्या शिफारशीप्रमाणे जरूर घ्या, पण दाट कॅनोपीत त्यांचा उपयोग तोकडा पडतो. जुनी पाने काढल्यावर करपा व केवड्याचे डाग तपासा, कारण हीच हवा त्यांनाही मानवते.

फळछाटणीच्या आधी डोळे तपासणी करून घ्याच. प्रयोगशाळेत डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते पाहतात. नमुना देताना जाड, मध्यम व बारीक अशा तिन्ही काड्या द्या. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळले की तिथपर्यंत काडी राखून छाटता येते. थंड उन्हाळ्यानंतर नेहमीच्या सवयीने आखूड छाटणी केल्यास उरलेले घडही हातचे जातात.

नाशिक, अहिल्यानगर, पुणे: उन्हाळ कांदा

काढणीत भिजलेला कांदा चाळीत भरू नका. माना नीट सुकल्या नसतील तर तो आधी विका. चाळीत भरलेल्या कांद्याला ओल्या हवेत काजळी लागते आणि सड सुरू होते. पावसाच्या बाजूला ताडपत्री सोडा, उघडीप मिळताच वर घ्या. दिवसभर गुंडाळून ठेवलेली चाळ आतून घामेजते. थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नको.

विदर्भ: संत्रा

मृग बहर धरायचा तर मे मध्ये झाडाचे पाणी तोडून ताण देतात. पाऊस आला की ताण तुटतो, झाड नवती फेकते आणि जूनमध्ये फूल कमी लागते. पाऊस झाल्यावर बागेत पाणी साचू देऊ नका, चर काढून वाट करून द्या. ताण तुटल्यास वाढरोधकाच्या फवारणीची विद्यापीठाची शिफारस आहे. मात्रा कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्या. ज्यांनी आंबिया बहर धरला आहे त्यांना हाच थंडावा मानवतो, उन्हाने होणारी फळगळ कमी राहते. म्हणजे एकाच गावात, बांधाला बांध लागून, पाऊस एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरतो.

कोकण

हापूसचा शेवटचा आंबा आणि कोकम सापडतात. आमसुलांना लागणारे ऊनच मिळत नाही. धूळवाफ पेरणीची संधी जाते. तिथे गादीवाफ्यावर रोपवाटिका करून वेळ भरून काढता येते.

सर्व भागांसाठी: रान आणि पेरणी

रान न तापल्याने जमिनीतील कोष, अंडी व तणांचे बी मरत नाही. नांगरट राहिली असेल तर वाफसा येताच करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर येतात. पाऊस लवकर आला तर तेही लवकर निघतात. गावाने मिळून प्रकाश सापळे लावले, फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले तर पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो. एकट्याने केलेल्या कामाचा फारसा परिणाम दिसत नाही.

पेरणीची घाई करू नका. 2025 मध्ये मॉन्सून मेअखेर राज्यात शिरला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल थांबली. मेच्या ओलीवर टाकलेल्या बियाण्याला त्या खंडाने पकडले. कपाशी मे मध्ये लावली तर गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळते, ते वेगळेच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, फूटभर ओल गेल्याची खात्री करून आणि पुढील आठवड्याचा अंदाज पाहूनच तिफण काढा. हा पाऊस जूनमधला धरा. मे मध्ये पडलेला मोजू नका.