रापणीचे गाव कळंगूट

हैदराबादसारख्या पठारावरील नगरात राहणाऱ्यास समुद्र म्हणजे सुटीतील चार दिवसांचा विसावा वाटतो. किनाऱ्यावरील खारव्याला मात्र समुद्र हेच शेत होय. या दोन दृष्टी एकाच वाळूवर एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या कळंगूट गावाच्या इतिहासावरून कळून येते.

समुद्रस्नानाची आवड तशी फार प्राचीन नव्हे. इंग्लंडातील ब्राइटन हे मूळचे मासेमारांचे गाव. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रजलाच्या औषधी गुणांवर लॅटिन भाषेत प्रबंध लिहिला. १७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज तेथे प्रथम आला, १८४१ मध्ये आगगाडी आली, आणि गावाचे शहर झाले.

कळंगुटला ना युवराज आला, ना आगगाडी. १५४३ मध्ये बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला; पुढे गावात सांत आलेशचे देऊळ, म्हणजे ख्रिस्तमंदिर, उभे राहिले. भातशेती, माडांची बने आणि रापण यांवर गाव जगत असे. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून कित्येक माणसांनी मिळून ओढावयाची. पडलेली मासळी वाट्यांनी विभागली जाई. एकट्याने रापण ओढता येत नाही. म्हणून रापणीने मासळीबरोबर शेजारधर्मही राखला.

मे महिन्यात गोव्यातील सुखवस्तू कुटुंबे हवापालटासाठी येथे येऊन राहत. या प्रघाताला ‘मुदांस’ म्हणत. ते पाहुणे गावाच्या चालीने राहत, आणि पाऊस जवळ आला की परतत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य हिप्पी तरुण आले आणि त्यांच्यामागून हॉटेले आली. त्याच सुमारास यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळील मासळी खरवडून नेऊ लागले. जमिनीकडून हॉटेले आणि पाण्याकडून यंत्रे अशा कोंडीत रापणकार सापडला. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकार संघटित झाले. त्यांच्या नेत्यांत माथानी साल्ढाणा हे प्रमुख होते. त्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील लहान मासेमारांच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. हेच साल्ढाणा २०१२ साली निधन पावले तेव्हा गोव्याचे पर्यटनमंत्री होते, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

आज कळंगुटच्या वाळूवर रापण क्वचितच ओढली जाते. कित्येक होड्या प्रवाशांना डॉल्फिन दाखवावयास निघतात. त्या पैशाने घरे पक्की झाली, मुले शिकली, हे नाकारता येणार नाही. तथापि, ज्या किनाऱ्यावर पूर्वी सर्वांचा हात एकाच दोरीला लागत असे, तेथे आता ज्याचा त्याचा गल्ला वेगळा आहे. पाहुण्याचे स्वागत अवश्य व्हावे. पण यजमानाला आपल्याच अंगणात उभे राहावयास जागा उरली पाहिजे.